चालकविरहित गाड्या आणि शहराची वाहतूक: रिकाम्या धावणाऱ्या गाडीचा हिशेब कोणी ठेवायचा?

चाकोरी (धागाकर्ता)

नमस्कार. शहरी वाहतुकीसंबंधी एका अभ्यासगटासाठी मी टिपण लिहीत आहे आणि चालकविरहित गाड्यांच्या प्रकरणाशी येऊन अडलो आहे. या विषयावर जे काही वाचायला मिळते त्यात सरळसरळ दोन तट दिसतात. एका तटाच्या मते या गाड्या आल्या की एकच गाडी दिवसभर अनेकांच्या उपयोगी पडेल, घरोघरी मोटार बाळगण्याची गरज उरणार नाही, वाहनतळांखाली अडकलेली जमीन मोकळी होईल आणि माणसाच्या चुकीने होणारे अपघात जवळपास थांबतील. दुसऱ्या तटाच्या मते रस्ते आजच्याइतकेच, किंबहुना आजच्यापेक्षा जास्त तुंबतील. फरक इतकाच, की कोंडीत अडकलेल्या गाडीत वैतागायलाही कोणी नसेल. आकडे दोघांकडेही आहेत आणि गंमत म्हणजे पुष्कळदा दोघेही एकाच अभ्यासाचा हवाला देतात.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, म्हणजे चर्चा तिकडे वळणार नाही. गाडी विजेवर चालणे आणि गाडी आपली आपण चालणे या स्वतंत्र बाबी आहेत. धूर कमी होण्याचे श्रेय पहिल्या बाबीचे आहे. ते दुसरीच्या खात्यावर जमा करू नये. मला जाणून घ्यायचे आहे ते निव्वळ चालक नसण्याच्या परिणामांबद्दल. अशा टॅक्सी, बस किंवा रेल्वेगाड्या जिथे प्रत्यक्ष धावल्या आहेत, तिथला अनुभव काय सांगतो? हे तंत्रज्ञान खासगी मोटारीत यावे, टॅक्सीत की बसमध्ये? आणि ज्या शहराला आपली वाहतूक खरोखर शाश्वत करायची आहे, त्याने परवाने देण्यापूर्वी कोणती व्यवस्था करून ठेवावी? जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

मोजपट्टी

वाहतूक नियोजन हा माझा रोजचा व्यवसाय असल्याने थोडे विस्ताराने लिहितो.

वीज आणि चालक यांची गल्लत आपण सुरुवातीलाच दूर केलीत ते बरे झाले, कारण निम्मा वाद तिथेच मिटतो. उरलेल्या प्रश्नासाठी तीन मापे पुरेशी आहेत: शहरातल्या सगळ्या गाड्या मिळून रोज किती किलोमीटर धावतात, प्रत्येक गाडीत सरासरी किती माणसे असतात आणि त्यासाठी रस्त्याची किती जागा लागते. चालक काढून घेतल्याने यांपैकी कोणते माप सुधारते, हे विचारायला हवे. अमेरिकी शहरांच्या वाहतूक अधिकाऱ्यांची नॅक्टो ही संघटना तिच्या मार्गदर्शिकेत सांगते की सर्वसाधारण मोटारींची एक मार्गिका तासाला ६०० ते १,६०० माणसे वाहून नेते, तर तेवढ्याच रुंदीची बसची राखीव मार्गिका ४,००० ते ८,००० माणसे नेते. मोटारीतला चालक गेला म्हणून हे गणित उलटत नाही. यंत्रे दोन गाड्यांमधले अंतर कमी ठेवू शकतील असे म्हटले जाते. द्रुतगती मार्गावर त्याचा उपयोग होईलही, परंतु शहरातल्या रस्त्याची क्षमता चौकातला सिग्नल, रस्ता ओलांडणारी माणसे आणि थांबणारी वाहने ठरवतात. तिथे दोन गाड्यांमधले अंतर कितीही घटवले तरी फारसे काही हाती लागत नाही.

आता दोन्ही तट ज्याचा हवाला देतात त्या अभ्यासाकडे वळू. आंतरराष्ट्रीय वाहतूक मंचाने २०१५ साली लिस्बन शहरातल्या एका दिवसाच्या प्रवासांचे संगणकीय प्रतिमान तयार केले. लोकांनी आपापल्या मोटारी सोडून चालकविरहित गाड्यांमधून इतरांबरोबर वाटून प्रवास केला आणि मेट्रो चालू राहिली, तर दर दहांपैकी नऊ मोटारी अनावश्यक ठरतात, हा निष्कर्ष सगळीकडे झळकला. त्याच अहवालातले पुढचे वाक्य मात्र फारसे कोणी वाचत नाही. या सर्वोत्तम स्थितीतसुद्धा गाड्यांनी कापलेले एकूण अंतर सुमारे ६ टक्क्यांनी वाढते. मेट्रो नाही आणि प्रत्येक प्रवासी स्वतंत्र गाडी मागतो, असे गृहीत धरले तर तेच अंतर जवळजवळ दुप्पट होते. निम्मे लोक नव्या गाड्यांकडे वळले आणि निम्मे जुन्या मोटारीलाच धरून राहिले, तर ३० ते ९० टक्क्यांची वाढ होते. प्रत्यक्षात कोणत्याही शहराला याच मधल्या टप्प्यातून, तोही बहुधा बराच काळ, जावे लागणार आहे. म्हणून मला हा आकडा सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

मोटारी आयुष्यातला सुमारे ९५ टक्के वेळ उभ्या असतात, म्हणून त्या वाटून घ्याव्यात, असा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. त्या उभ्या असतात हे खरे. पण त्या सगळ्यांना सकाळी एकाच दीड तासात हव्या असतात हेही तितकेच खरे आहे.

प्रतिमानापेक्षा प्रत्यक्ष वर्तन पाहायचे असेल तर कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग उद्बोधक आहे. चालकविरहित गाडी घरोघरी देणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी १३ जणांना आठवडाभरासाठी ६० तास पगारी चालक पुरवला. गाडी त्यांचीच, फक्त ती चालवण्याचा आणि उभी करण्याचा त्रास नाही. हवे तेव्हा ती रिकामी पाठवता येईल. त्या आठवड्यात गाड्यांनी कापलेले अंतर सरासरी ८३ टक्क्यांनी वाढले आणि त्यांतल्या बऱ्याच फेऱ्यांमध्ये घरचे कोणीही गाडीत नव्हते. १३ हा नमुना अगदीच लहान आहे, आणि नवलाईच्या पहिल्या आठवड्यात माणूस हौस भागवून घेतो हेही मान्य करायला हवे. तरीही दिशा कोणती आहे याबद्दल शंका राहत नाही. ॲपवरून बोलावण्याच्या टॅक्सींचा अनुभवही याच दिशेने बोट दाखवतो: २०१० ते २०१६ या काळात सॅन फ्रान्सिस्कोमध्ये वाढलेल्या कोंडीपैकी जवळजवळ निम्मी या टॅक्सींमुळे होती, असे तिथल्या परगणा वाहतूक प्राधिकरणाने २०१८ च्या अहवालात म्हटले आहे. त्या टॅक्सीसुद्धा ‘मोटारी कमी करू’ याच आश्वासनासह आल्या होत्या.

खरी नवी गोष्ट आहे ती रिकामी गाडी. आजवर प्रत्येक मोटारीत निदान एक माणूस असे आणि त्याचा वेळ खर्च होत असे, म्हणून रस्त्यावर किती फिरायचे याला एक नैसर्गिक मर्यादा होती. ती मर्यादा आता उठते. समजा, शहराच्या मध्यभागी गाडी उभी करण्याचे शुल्क चढे आहे. मालक कचेरीत जाईल आणि गाडीला सांगेल, ‘तू फिरत राहा.’ विजेवरची गाडी अगदी सावकाश चालत राहिली तर तिचा तासाचा खर्च अमेरिकेत अर्ध्या डॉलरच्या आसपास येतो, असे २०१९ मधल्या एका शोधनिबंधाने दाखवले; तिथल्या मोठ्या शहरांतल्या पार्किंगच्या दरापुढे तो नगण्य आहे. त्यातली खोच अशी की गाडी जितकी हळू जाईल तितका खर्च कमी, म्हणजेच जिथे आधीच कोंडी आहे अशा रस्त्यावर जाऊन रेंगाळणे मालकाच्या सर्वाधिक फायद्याचे. वाहनतळाची जमीन मोकळी होईल हे भाकीत त्या अर्थाने खरे ठरेल. वाहनतळ रस्त्यावर येऊन हळूहळू चालू लागलेला असेल.

कोडगा

मोजपट्टी यांच्या आकड्यांशी माझे भांडण नाही, पण त्यांनी सुरक्षिततेला शाश्वततेच्या हिशेबातून वगळले आहे, ते मला पटत नाही. मी या क्षेत्रातल्या प्रणालींवर काम करतो, त्यामुळे माझा कल कुणीकडे आहे हे वाचकांनी लक्षात घ्यावे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार रस्ते अपघातांत जगभर दर वर्षी सुमारे ११ लाख ९० हजार माणसे मरतात आणि त्यांतली निम्म्याहून अधिक पादचारी, सायकलस्वार व दुचाकीस्वार असतात. पालक मुलांना सायकलने शाळेत पाठवत नाहीत, वृद्ध माणसे दोन चौकांपलीकडे चालत जात नाहीत, याचे मोठे कारण रस्त्याची भीती हे आहे. ही भीती कमी करणारे कोणतेही साधन चालण्याला आणि सायकलला, म्हणजेच सर्वांत शाश्वत वाहतुकीला मदत करते. चालकविरहित टॅक्सी चालवणाऱ्या वेमो या कंपनीच्या गाड्यांनी कापलेल्या सुमारे २ कोटी ५३ लाख मैलांमधल्या विमा दाव्यांचा अभ्यास स्विस री या पुनर्विमा कंपनीसह डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. मानवी चालकांच्या तुलनेत मालमत्तेच्या नुकसानीचे दावे ८८ टक्के आणि शारीरिक इजेचे दावे ९२ टक्के कमी आढळले. अभ्यासात कंपनी स्वतः सहभागी आहे, निवडक शहरांतले निवडक भाग आहेत, हवामान बहुतांशी अनुकूल आहे, हे सगळे आक्षेप रास्त आहेत. तरी एवढी तफावत केवळ निवडीने येत नाही. यंत्राला दारू चढत नाही, फोन वाजला म्हणून त्याची नजर हलत नाही, आणि ताशी ३० किलोमीटरची मर्यादा लिहिली असेल तर ते ३० नेच जाते. त्याच्यामागून येणाऱ्या उतावळ्या माणसालाही मग निमूटपणे ३० नेच जावे लागते.

यंत्र चुकते तेव्हा मात्र वेगळ्या तऱ्हेने चुकते, आणि नियोजन करणाऱ्यांनी ते बारकाईने पाहायला हवे. नोव्हेंबर २०१७ मध्ये लास वेगासमध्ये एका छोट्या चालकविरहित शटलची सेवा सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी तिला एका मालमोटारीने ठोकले. मालमोटार सावकाश मागे येत होती, शटलला ती दिसली आणि शटल नियमाप्रमाणे थांबली. मागे मोकळी जागा होती. कोणताही चालक दोन हात मागे सरकला असता किंवा निदान हॉर्न तरी वाजवला असता. शटल जागची हलली नाही. ‘शंका आली की थांब’ हा आम्हा लोकांचा आवडता नियम आहे आणि बहुतेक वेळा तो बरोबरही असतो, परंतु थांबणे ही प्रत्येक प्रसंगी सुरक्षित कृती नसते. याची उलट बाजू ऑक्टोबर २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत दिसली. माणूस चालवत असलेल्या एका मोटारीने उडवलेली पादचारी स्त्री क्रूझ कंपनीच्या चालकविरहित गाडीसमोर पडली. गाडी थांबली, आणि मग ‘रस्त्याच्या कडेला जा’ या दुसऱ्या नियमानुसार, ती स्त्री खाली अडकलेली असताना, पुन्हा चालू लागली. त्याच महिन्यात राज्याने त्या कंपनीचा परवाना स्थगित केला आणि वर्षभराने मूळ कंपनीने या टॅक्सी व्यवसायातून अंग काढून घेतले.

तिसरा प्रकार शहरासाठी सर्वांत महत्त्वाचा. डिसेंबर २०२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मोठ्या भागातली वीज गेली, सिग्नल बंद पडले आणि वेमोच्या अनेक गाड्या चौकाचौकांत अडून बसल्या. एक माणूस गोंधळला तर एक गाडी अडते. एकच आज्ञावली गोंधळली तर तिच्या सगळ्या गाड्या एकदम अडतात. अग्निशमन दलाची आणि रुग्णवाहिकेची वाट मोकळी राहील याची हमी परवान्याच्या अटींतच असली पाहिजे, असे मी या बाजूचा असूनही म्हणेन.

जाता जाता ऊर्जेबद्दल. गाडीतला संगणकही वीज खातो. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार अशा १०० कोटी गाड्या रोज प्रत्येकी एक तास चालल्या आणि प्रत्येकीचा संगणक ८४० वॅट वापरत असेल, तर एवढ्यानेच त्या काळातल्या जगभरातील डेटा सेंटरांइतके उत्सर्जन होईल. आमचे चिप बनवणारे मित्र हा आकडा खाली आणत आहेत, पण तो शून्यावर येणार नाही.

सांधेवाला

रेल्वेच्या सिग्नल विभागात उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाला या चर्चेत एक गोष्ट राहून गेल्यासारखी वाटते. चालकविरहित शहरी वाहतूक भविष्यात यायची नसून ती येऊन चाळीस वर्षे उलटली आहेत. जपानमधल्या कोबे शहराची पोर्ट लायनर ही रेल्वे १९८१ मध्ये आणि फ्रान्समधल्या लिलची मेट्रो १९८३ मध्ये चालकाविना धावू लागली. पॅरिस मेट्रोची १ क्रमांकाची मार्गिका तर १९०० सालची. ती प्रवासी सेवा फारशी न थांबवता टप्प्याटप्प्याने बदलली आणि २०१२ च्या अखेरीस पूर्णपणे स्वयंचलित झाली.

तिथे नेमका काय फायदा झाला, हे पाहण्यासारखे आहे. लोकांना वाटते की पगार वाचला. थोडा वाचतोही, पण ते मुख्य नाही. शेवटच्या स्थानकावर गाडी पोचली की चालकाला आपली केबिन बंद करून, गाडीच्या पूर्ण लांबीइतके फलाट चालून, दुसऱ्या टोकाची केबिन सुरू करावी लागते. दीड-दोन मिनिटांच्या अंतराने गाड्या सोडायच्या असतील तर हेच चालणे सगळ्या वेळापत्रकाच्या मानगुटीवर बसते. मग दुसरा चालक आधीच टोकाला आणून उभा करावा लागतो. स्वयंचलित गाडी तेवढ्यात परत फिरलेली असते. शिवाय एखादा सामना सुटला, अचानक गर्दी झाली, तर पाळीवर माणूस नाही म्हणून गाडी आगारात अडकून पडत नाही. रात्री लांब गाडी अर्ध्या तासाने सोडण्याऐवजी छोट्या गाड्या पाच मिनिटांनी सोडता येतात. मोटार सोडून लोक सार्वजनिक वाहतुकीकडे येतात ते अशा वारंवारतेमुळे, कारण मग वेळापत्रक बघावे लागत नाही.

मात्र हे जमते ते मार्ग बंदिस्त असल्यामुळे. रुळावर कोणी येत नाही, फलाटाच्या कडेला बहुधा काचेची दारे असतात, सगळ्या गाड्या एकाच नियंत्रण कक्षाला बांधलेल्या असतात. रस्ता हा उघडा मामला आहे. म्हणून मला वाटते की मधला मार्ग बसच्या राखीव मार्गिकेतून जातो. रॉटरडॅमजवळची पार्कशटल ही छोटी चालकविरहित बस १९९९ मध्ये मेट्रो स्थानक आणि कचेऱ्यांचा परिसर यांच्यामध्ये धावू लागली. हे जमले, कारण तिला स्वतःची वाट दिली गेली आणि त्या वाटेत चुंबक पुरून तिला दिशा दाखवली गेली. तिला जगाचा उद्धार करायला कोणी सांगितले नाही. स्थानकापासून कचेरीपर्यंत जायचे एवढेच काम.

याउलट स्कॉटलंडमध्ये एडिंबरोच्या दिशेने फोर्थ पुलावरून जाणारी पूर्ण आकाराची स्वयंचलित बस २०२३ च्या मे महिन्यात सुरू झाली आणि पुरेसे प्रवासी न मिळाल्याने २०२५ च्या फेब्रुवारीत बंद झाली. त्या बसमध्ये चालकाच्या जागी सुरक्षेसाठी एक माणूस होता आणि प्रवाशांशी बोलायला दुसरा. म्हणजे चालकविरहित बसला नेहमीच्या बसच्या दुप्पट माणसे लागत होती! प्रयोग म्हणून ते समजण्यासारखे आहे. धडा वेगळाच आहे: बस कोण चालवते हे पाहून कोणी प्रवासी बसमध्ये चढत नाही. ती कुठून कुठे जाते, किती वेळाने येते आणि मोटारीपेक्षा लवकर पोचवते का, एवढेच तो पाहतो. ताशी १५ किलोमीटरने चालणाऱ्या ज्या छोट्या शटल मध्यंतरी अनेक शहरांत हौसेने आणल्या गेल्या, त्यांच्यापेक्षा सायकल वेगाने जाते. त्या बंद पडल्या यात आश्चर्य नाही.

पांढरी काठी

मला दिसत नाही. हा धागा मी स्क्रीन रीडरवर ऐकला. वरच्या प्रतिसादांत ‘रिकाम्या फेऱ्या’ ही कटकट म्हणून आली आहे, तिची एक दुसरी बाजू मांडतो. जी गाडी मला आणायला रिकामी येते, तिची ती फेरी माझ्या दृष्टीने वाया गेलेली नसते. गाडी चालवणे मला कधीच शक्य नव्हते. कोणाची मनधरणी न करता, कोणाच्या सवडीने न चालता रात्री अकरा वाजता घरी परतता येणे ही माझ्यासारख्यांच्या दृष्टीने फार मोठी गोष्ट आहे, आणि तिच्या वाटेत रिकाम्या फेऱ्यांवरचे सरसकट शुल्क उभे राहू नये.

पण हे तंत्रज्ञान अंधांसाठी वरदान आहे असे जाहिरातीत म्हणणाऱ्यांनी शेवटच्या दहा पावलांचा विचार केलेला नसतो. ॲप सांगते, ‘गाडी आली आहे.’ कुठे? रस्त्याच्या या बाजूला की त्या? समोर उभ्या दोन गाड्यांपैकी कोणती? माणूस चालक असेल तर तो काच खाली करून हाक मारतो, उतरून दारापर्यंत नेतो. बसचा चालक थांब्याचे नाव सांगतो, मी बसेपर्यंत बस हलवत नाही, चाकाच्या खुर्चीसाठी उतार खाली सोडतो आणि खुर्ची पट्ट्याने बांधतो. चालक काढताना ही सगळी कामेही निघून जातात आणि ती कोणाच्याच खर्चाच्या तक्त्यात नसतात. म्हणून सांधेवाला यांच्या बसमधल्या त्या दुसऱ्या माणसाला मी अनावश्यक म्हणणार नाही. स्टीअरिंग यंत्राकडे आणि माणूस प्रवाशांकडे, अशी विभागणी मला चालेल.

आणखी एक. विजेवरच्या गाड्या हळू चालताना जवळजवळ नि:शब्द असतात. संयुक्त राष्ट्रांच्या नियमावलीत आणि युरोपात आता कमी वेगाला कृत्रिम आवाजाची सक्ती आहे, ती ताशी २० किलोमीटरपर्यंतच्या वेगाला लागू होते. मोजपट्टी यांनी वर्णन केलेल्या रेंगाळणाऱ्या रिकाम्या गाड्या नेमक्या याच वेगात असणार, म्हणजे दिवसभर त्यांची गुणगुण चालू राहणार. मला तो आवाज हवाच आहे. पण अशा पन्नास गाड्या एका चौकात गुणगुणत असताना त्यांतली माझ्याकडे येणारी कोणती, हे मी कसे ओळखावे?

चाकोरी (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. टिपणाचा आराखडा यामुळे पुष्कळ बदलणार आहे. विशेषतः ‘खासगी, टॅक्सी की बस’ या प्रश्नाआधी मार्गिका कोणाच्या ताब्यात आहे हे विचारावे लागते, हे सांधेवाला यांचे म्हणणे पटले.

मोजपट्टी यांना एक नेमका प्रश्न. रिकाम्या धावण्यावर शुल्क लावायचे म्हटले तर ते प्रत्यक्षात कसे लावणार? टॅक्सी एका प्रवाशाला सोडून दुसऱ्याकडे जाताना रिकामीच असते. तिच्यात आणि पार्किंग चुकवण्यासाठी घिरट्या घालणाऱ्या खासगी गाडीत फरक कसा करायचा? आणि पांढरी काठी यांनी मांडलेली अडचण सोडवायची तर सवलत कोणाला द्यायची?

मोजपट्टी

शुल्क लावण्याचा अनुभव जगाकडे आहे, फक्त तो मुख्यतः अंतरावर नव्हे तर शहराच्या मध्यभागात येण्यावर आधारलेला आहे. सिंगापूरने १९७५ मध्ये, लंडनने २००३ मध्ये मध्यभागात येणाऱ्या मोटारींवर आकारणी सुरू केली. स्टॉकहोमने २००६ मध्ये जानेवारी ते जुलै असा आधी सात महिने प्रयोग केला. शुल्करेषा ओलांडणारी वाहने सुमारे एक पंचमांशाने घटली, प्रयोग थांबताच ती पुन्हा वाढली, त्यानंतर सप्टेंबरमध्ये सार्वमत झाले आणि २००७ पासून शुल्क कायम झाले. लोकांचा विरोध प्रयोगाआधी तीव्र होता आणि अनुभव घेतल्यावर मावळत गेला, हेही नोंदवण्यासारखे आहे. चालकविरहित गाडीच्या बाबतीत रेषेवर थांबण्याची गरजच नाही, कारण ती कुठे होती, किती वेळ होती आणि आत कोणी होते का, हे ती स्वतःच नोंदवते. कॅलिफोर्नियात चालकविरहित टॅक्सी सेवांकडून प्रवासी नसताना कापलेल्या अंतरासह तिमाही अहवाल आजही मागवले जातात. म्हणजे मोजमापाची सोय आहे; त्यावर आकारणी करायची की नाही हा राजकीय निर्णय आहे.

टॅक्सी आणि घिरट्या घालणारी खासगी गाडी यांच्यात मी मुळात फरक करणार नाही. रस्त्याची जागा दोघीही सारखीच अडवतात. दर किलोमीटरमागे एक आकारणी, गर्दीच्या भागात आणि वेळी ती जास्त, गाडी रिकामी असेल तर आणखी जास्त, आणि तीन-चार प्रवासी एकत्र असतील तर जवळजवळ शून्य. असे केल्यावर टॅक्सी चालवणारी कंपनी आपण होऊनच गाड्या प्रवाशांच्या जवळपास उभ्या ठेवील आणि रिकामे फिरणे कमी करील. बस या आकारणीतून पूर्ण वगळावी. उतरण्या-चढण्याच्या जागांचेही असेच: पदपथाकडेची जागा मिनिटांवर आकारावी आणि सायकल मार्गिकेत थांबणे परवान्यातच निषिद्ध ठेवावे, नाहीतर प्रत्येक गाडी दारापाशीच थांबायला बघेल.

सवलतीबद्दल लंडनचा अनुभव सावध करणारा आहे. तिथे भाड्याच्या खासगी टॅक्सींना सुरुवातीला शुल्क माफ होते. ॲपवरच्या टॅक्सी वाढल्या तशा मध्यभागात येणाऱ्या या गाड्याही वाढत गेल्या आणि २०१९ च्या एप्रिलमध्ये ती माफी काढावी लागली. वाहनाच्या प्रकाराला सवलत दिली की त्या प्रकाराची वाहने वाढतात. म्हणून सवलत वाहनाला न देता व्यक्तीला द्यावी. पांढरी काठी यांनी गाडी बोलावली की तिच्या येण्याची रिकामी फेरी त्यांच्या सवलतीच्या खात्यात जावी, मग गाडी कोणत्याही कंपनीची असो. आणि हे सगळे खासगी मालकीच्या चालकविरहित गाड्या बाजारात येण्यापूर्वी लागू व्हायला हवे, कारण आज रिकाम्या फेरीवर शुल्क लावले तर फार तर दोन-चार कंपन्या कुरकुर करतील; दहा वर्षांनी तेच करायला गेले तर शहरातला प्रत्येक मोटारमालक विरोधात उभा राहील.

कोडगा

‘आत कोणी होते का हे गाडी स्वतःच नोंदवते’ या वाक्याला एक तांत्रिक पुरवणी जोडतो, कारण टिपणात ते तसेच गेले तर पळवाटा निघतील. आसनाखालचा वजनाचा संवेदक माणूस आणि जड पिशवी यांत नेहमीच फरक करू शकत नाही. शुल्क चुकवण्यासाठी लोक आसनावर पोते ठेवतील याची खात्री बाळगा. आतला कॅमेरा फरक करू शकतो, पण प्रत्येक प्रवाशाचे चित्रण शहराच्या कार्यालयात जमा होणे कोणालाही मान्य होऊ नये. त्यापेक्षा दार कुठे उघडले आणि मिटले, पट्टा लागला का आणि त्या फेरीची मागणी कोणत्या खात्यावरून आली, या तीन नोंदी एकत्र पाहिल्या तर बहुतेक लबाडी उघडी पडते. शिवाय प्रवाशाचे नाव गाडीबाहेर जाण्याची गरज राहत नाही. प्राधिकरणाला फक्त ‘भरलेली’ किंवा ‘रिकामी’ एवढाच शेरा आणि अंतर कळवावे. सवलतधारकाची ओळखही अशीच सांकेतिक ठेवता येते. या नोंदी कोणत्या स्वरूपात असाव्यात हे परवाना देणाऱ्याने ठरवावे आणि सगळ्या कंपन्यांना एकच नमुना द्यावा. प्रत्येकीने आपापल्या सोयीचा अहवाल पाठवला तर त्यांची एकमेकांशी तुलनाच करता येणार नाही.